पुरणपोळीच्या दिवसाचा ओटा

नवा संगणक घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार दोन प्रश्न हमखास विचारतो. बजेट किती, आणि रॅम आठ टाकायची की सोळा? पहिल्याचे उत्तर गिऱ्हाईक घरूनच ठरवून आलेले असते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते दुकानदाराच्याच तोंडाकडे पाहू लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या गावातले एसटी स्टँडसमोरचे दुकान असो, यावर मिळणारे सल्ले दोनच जातींचे असतात. एक उदार: ‘घेताय तर जास्तच घ्या, पुढे लागतेच.’ दुसरा काटकसरी: ‘तुम्हाला काय त्यावर सिनेमा बनवायचाय? आठ रग्गड झाली.’ दोन्ही सल्ले शहाणपणाचे वाटतात आणि दोन्हींत खोट एकच आहे. त्या घरी संगणकावर नेमके काय चालते, हे सल्ला देणाऱ्याने विचारलेलेच नसते. पाय न बघता चपलेचे माप सांगण्यासारखा हा प्रकार झाला. वास्तविक रॅमचे माप घेता येते, त्याला पैसा पडत नाही, आणि ते घेतल्यावर वादाला फारशी जागा उरत नाही.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवू. आपल्याकडे ‘मेमरी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावला जातो. ‘फोनची मेमरी भरली’ असे आपण म्हणतो तेव्हा फोटो आणि व्हिडिओ ठेवायची जागा भरलेली असते, ती साठवण. ५१२ जीबीची एसएसडी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क हे साठवणीचे आकडे. रॅम म्हणजे काम चालू असेपर्यंत लागणारी जागा. साठवण ही कोठीची खोली मानली, तर रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा. वर्षाचे धान्य कोठीत मावते, पण पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावरच. फरक एवढाच की हा ओटा वीज गेली की आपोआप पुसला जातो. आजच्या रॅममध्ये माहितीचा प्रत्येक कण एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकून असतो आणि हा भार सतत झिरपत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. गळक्या भांड्यात पाणी ओतत राहण्याची ही युक्ती अर्धशतकाहून जास्त काळ जगभरचे संगणक चालवते आहे.

ओट्यावरची जागा संपली की संगणक काम नाकारत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तो बाजूला पडलेल्या काही वस्तू उचलून कोठीत ठेवतो आणि नव्या वस्तूला जागा करून देतो. मागाहून त्या जुन्या वस्तूची गरज पडली की दुसरे काही उचलून कोठीत ठेवायचे आणि ती परत आणायची. ही सोय जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात छोटी पण वेगवान स्मृती आणि मोठा पण संथ चुंबकीय ड्रम अशा दोन जागा होत्या, आणि प्रोग्रॅमला मात्र ती एकच मोठी जागा वाटावी अशी व्यवस्था केलेली होती. विंडोज जिला ‘पेज फाइल’ म्हणते, ती याच व्यवस्थेची वंशज. या उचलठेवीला दोन बाजू आहेत. सकाळपासून हात न लावलेली वस्तू कोठीत गेली तर कोणाला कळतही नाही. पण या क्षणी हातात लागणाऱ्या वस्तूच जर ओट्यावर मावत नसतील, तर पोळपाट आणायला तवा आत ठेवावा लागतो आणि तवा आणायला पोळपाट. दिवसभर येरझारा होतात, पोळी एकही होत नाही. पीटर डेनिंग या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये या येरझारांचा नीट अभ्यास मांडला आणि त्यातून एक कल्पना दिली: कोणत्याही क्षणी प्रोग्रॅमला खरोखर लागणारा माहितीचा एक संच असतो, तो ओट्यावर मावला पाहिजे. त्याचे इंग्रजी नाव ‘वर्किंग सेट’. मराठीत त्याला कामाचा पसारा म्हणू. किती रॅम घ्यावी या प्रश्नाचे उत्तर या पसाऱ्याच्या मापात दडलेले आहे.

येरझारा किती महागात पडतात, हे आकड्यांवरून कळेल. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. तेच चांगल्या एसएसडीतून आणायला १०० मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ जातो आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून १० मिलिसेकंदांच्या आसपास. हे आकडे माणसाच्या अंदाजात बसत नाहीत, म्हणून रॅमचा वेळ ताणून एक सेकंद करू. मग एसएसडीची फेरी सुमारे सतरा मिनिटांची होते आणि हार्ड डिस्कची पावणेअठ्ठावीस तासांची. जुन्या संगणकावर ब्राउझरची खिडकी बदलली की तो गोल चक्र फिरवत का बसतो, याचा उलगडा इथे होतो. त्याच्या प्रोसेसरला विचार करायला वेळ लागत नसतो. तो कोठीतून वस्तू यायची वाट बघत हात चोळत उभा असतो.

रॅमचा फायदा चढावासारखा वाढत जात नाही, तो पायरीसारखा आहे. पसारा ओट्यावर मावत नसेल तर अवस्था फार वाईट; मावला की एकदम सुरळीत; आणि त्यानंतर ओटा कितीही लांब केला तरी पोळी लवकर फुगत नाही. ज्याचा पसारा ११ जीबीचा आहे त्याला ८ वरून १६ जीबीवर गेल्यावर नवा संगणक घेतल्यासारखे वाटेल. त्याच माणसाने १६ वरून ३२ जीबी केली तर बिलाखेरीज कशातही फरक दिसणार नाही. प्रोसेसर किंवा इंटरनेटच्या वेगाबद्दलची ‘जितके जास्त तितके बरे’ ही सवय आपण रॅमलाही लावतो आणि फसतो. उदार सल्लागार पायरीच्या वरच्या बाजूला पैसे ओततो, काटकसरी सल्लागार थोडेफार पैसे वाचवून अख्खा संगणक पायरीच्या खाली ठेवतो. माझ्या मते दुसऱ्याची चूक जास्त महाग आहे, पण पहिलीही चूकच.

आता पसारा कशाने होतो ते पाहू, कारण इथे सर्वसामान्य समजुती बहुधा उलट्या असतात. ‘मी फक्त लिहायचे काम करतो’ म्हणणारा आणि ‘मी फक्त नेट बघतो’ म्हणणारा, दोघेही स्वतःला एकाच तराजूत घालतात. लाखभर शब्दांची मराठी कादंबरी घ्या. तिच्यात काना, मात्रा, वेलांट्या आणि मोकळ्या जागा धरून सहा लाखांच्या आसपास चिन्हे असतील. युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सगळी कादंबरी दोन एमबीच्या आत. उलट २४ मेगापिक्सेलचा एक फोटो संपादनासाठी उघडला की एका पिक्सेलच्या तीन रंगांचे तीन बाइट धरून ७२ एमबी. बारकाईच्या कामासाठी प्रत्येक रंगाला १६ बिट दिले की १४४ एमबी. आणि असे दहा थर एकावर एक रचले की दीड जीबीच्या जवळ. ‘फोर-के’ व्हिडिओची एक चौकट उलगडल्यावर सुमारे ३३ एमबीची होते आणि सेकंदाला अशा २५ चौकटी लागतात. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याला आणि कादंबरी लिहिणाऱ्याला एकच रॅम सुचवणे कसे हास्यास्पद आहे, हे सांगायला नको.

पण घरोघरचा खरा खादाड तिसराच आहे: ब्राउझर. साधे दिसणारे वेबपान आज अक्षरशः एक प्रोग्रॅम असते. एक टॅब शे-दोनशे एमबी सहज घेतो. मेल, ऑनलाइन तक्ते, व्हिडिओ अशी पाने त्याहून बरीच जास्त. यात सुरक्षिततेचाही वाटा आहे. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधला ‘स्पेक्टर’ हा दोष जगजाहीर झाला. त्यानंतर त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत कोंडायला सुरुवात केली, म्हणजे एका टॅबमधल्या लबाड पानाला दुसऱ्या टॅबमधल्या बँकेच्या खात्यात डोकावता येऊ नये. याची किंमत म्हणून स्मृतीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच तेव्हा सांगितले होते. ब्राउझर रॅम खातो म्हणून त्याला शिव्या घालताना हा भाग लक्षात ठेवायला हवा. त्यातला काही खर्च दाराला कुलूप लावण्याचा आहे. आता एका मध्यमवर्गीय घराची संध्याकाळ मांडू. विंडोज ११ आणि तिच्या मागे चालणाऱ्या गोष्टी तीन-साडेतीन जीबी, पंधरा-वीस टॅब तीन जीबी, मुलीच्या क्लासचा व्हिडिओ कॉल एक जीबी, व्हॉट्सॲप, एक्सेल आणि पीडीएफ मिळून आणखी एक. हे ढोबळ आकडे आहेत आणि घरागणिक बदलतील, पण बेरीज आठाच्या वर जाते. म्हणजे आज ८ जीबीचा संगणक बरोबर पायरीच्या कडेवर उभा आहे. त्यामुळेच एकाचा ‘मस्त चालतो’ आणि शेजाऱ्याचा तोच मॉडेल ‘हँग होतो’. दोघेही खरे बोलत असतात.

माप कसे घ्यायचे? हातात असलेल्या संगणकावर, आणि खिचडीच्या दिवशी नव्हे, पुरणपोळीच्या दिवशी. म्हणजे नेहमीच्या कामांपैकी सगळ्यांत गर्दीची वेळ निवडायची, जे एरवी एकदम उघडे असते ते सगळे उघडायचे आणि मग विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबायच्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘मेमरी’ निवडली की काही आकडे दिसतात. बहुतेक जण ‘इन यूज’ हा आकडा बघतात आणि तिथेच चुकतात. रॅम कमी असली की विंडोज नेटाने काटकसर करते. माहिती दाबून बसवते, जुन्या वस्तू पेज फाइलमध्ये ढकलते. त्यामुळे ८ जीबीच्या संगणकावर ‘इन यूज’ कधीच ११ जीबी दाखवणार नाही, गरज ११ ची असली तरी. बघायचा आकडा ‘कमिटेड’ हा. तिथे तिरप्या रेघेने तोडलेले दोन आकडे असतात. डावीकडचा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली जागा, उजवीकडचा म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून असलेली मर्यादा. डावा आकडा आपल्या रॅमच्या आत असेल तर विषय संपला, रॅम पुरेशी आहे. तो रॅमहून थोडा वर असेल आणि संगणक अडखळत नसेल तरीही काही करायला नको, कारण प्रोग्रॅम कबूल करून घेतात तेवढे सगळे वापरतातच असे नाही. तो दीडपटीच्या घरात गेला असेल आणि खिडक्या बदलताना संगणक दम खात असेल, तर पसारा ओट्याबाहेर गेला आहे. शंका उरलीच तर ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ दर सेकंदाला किती होतात ते पाहावे. नवा प्रोग्रॅम उघडताना हा आकडा उसळतोच. उघडलेल्यांतच काम करताना तो सतत शेकड्यांत राहिला तर कोठीच्या येरझारा चालू आहेत. मॅकवर काम सोपे आहे: ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘मेमरी प्रेशर’चा आलेख हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो. गर्दीच्या वेळी तो हिरवाच राहत असेल तर खर्चाचे कारण नाही.

एक गोष्ट यात आपल्या सोयीची आहे. बाजारात रॅम ९.३ किंवा १२.७ जीबीची मिळत नाही. ८, १६, ३२ असेच टप्पे मुख्यतः असतात, क्वचित १२ किंवा २४. त्यामुळे माप काटेकोर असण्याची गरज नाही. आपण कोणत्या पायरीवर बसतो एवढे कळले की पुरे.

यावर पहिला आक्षेप येतो तो माहीतगार मंडळींकडून. ‘माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर काही उघडले नाही तरी सात जीबी वापरात दिसते, मग ८ जीबीवाल्याचे काय होत असेल?’ आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. मोकळी पडलेली रॅम ही संगणकाच्या दृष्टीने वाया गेलेली जागा असते. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने अशी व्यवस्था ठेवली आहे की आपण वारंवार उघडतो ते प्रोग्रॅम आधीच आणून ओट्याच्या मोकळ्या भागावर मांडून ठेवायचे. जागेची गरज पडली की ते क्षणात बाजूला करता येतात. ब्राउझरही जागा ऐसपैस दिसली की पाय पसरतो आणि अडचण झाली की मागचे टॅब झोपवतो. थोडक्यात, मोठ्या ओट्यावर घेतलेले माप जरा फुगलेले येते आणि छोट्या ओट्यावरचे जरा आकसलेले. म्हणूनच आकड्यांबरोबर संगणकाचे वागणे बघायचे. आणि ‘रॅम क्लीनर’ म्हणून फुकट मिळणारे प्रोग्रॅम घेऊन ओटा रिकामा करत बसू नये. ते मांडलेल्या वस्तू कोठीत फेकतात आणि संगणकाला त्या पुन्हा आणायला लावतात. यापलीकडे त्यांचे कर्तृत्व नाही.

दुसरा आक्षेप भविष्याचा. ‘आज पुरेल, पण पाच वर्षांनी?’ याला इतिहास साक्ष देतो, आणि त्याची साक्ष दोन भागांत आहे. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागे. २००१ च्या विंडोज एक्सपीला ६४ एमबी, म्हणजे सहा वर्षांत सोळापट. २००७ च्या सुरुवातीला घरोघरी आलेल्या व्हिस्टाला ५१२ एमबी, म्हणजे पुढच्या पाच-सहा वर्षांत आठपट. त्या काळात ‘परवडेल तेवढी घ्या’ हा सल्ला अगदी रास्त होता. आपल्याकडच्या सल्लागारांची मते बहुधा तेव्हाच घट्ट झालेली आहेत. पुढे चित्र बदलले. ६४ बिटांच्या विंडोज ७ ची किमान मागणी २००९ मध्ये २ जीबी होती आणि २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबी: बारा वर्षांत दुप्पट. किमान आकडे नेहमीच फसवे असतात, ४ जीबीवर विंडोज ११ चालवणे हे प्रायश्चित्त आहे. पण वाढीचा वेग त्यांतून दिसतो आणि तो मंदावला आहे. तरी ही बाजू एकतर्फी मांडणे बरोबर नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या संगणकांचा नवा वर्ग जाहीर केला आणि त्यांना किमान १६ जीबीची अट घातली. भाषेचे प्रारूप घरच्या संगणकावर चालवायचे तर ते अख्खे स्मृतीत बसावे लागते: सात अब्ज घटकांचे प्रारूप प्रत्येकी ४ बिटांत दाबले तरी साडेतीन जीबी होते, वर कामाची जागा वेगळी. ही हौस किंवा गरज ज्यांना आहे त्यांनी एक टप्पा वर धरावा. बाकीच्यांनी पाच वर्षांनंतरच्या पाहुण्यांसाठी आजच ओटा वाढवायचे कारण नाही, जर तो नंतर वाढवता येत असेल तर.

या ‘जर’वर पुष्कळ काही अवलंबून आहे आणि उदार सल्लागाराचा खरा बळकट मुद्दा इथेच आहे. टेबलावरच्या संगणकात रॅमच्या स्टिक खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसवलेल्या असतात. चार स्क्रू काढले की दुसरी बसवता येते. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत मात्र रॅम बोर्डवर कायमची डाग देऊन बसवलेली असते, आणि ॲपलच्या नव्या मॅकमध्ये ती प्रोसेसरच्या पाकिटातच असते. तिथे खरेदीच्या दिवशी घेतलेला निर्णय संगणकाच्या शेवटापर्यंत बदलत नाही. ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०२३ मध्ये म्हटले होते, की त्यांच्या मॅकमधले ८ जीबी हे इतर संगणकांतल्या १६ जीबीच्या तोडीचे असावेत. मॅक स्मृती दाबून बसवण्यात हुशार आहे, एसएसडीही वेगवान आहे, हे मान्य. पण फोटोचे ७२ एमबी सगळीकडे ७२ एमबीच असतात. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरात, कंपनीने विक्रीतल्या मॅकची किमान रॅम १६ जीबीवर नेली. तेव्हा नियम असा बांधावा: रॅम वाढवता येत असेल तर आजच्या मापाने घ्या आणि खाच मोकळी ठेवा, वाढवता येत नसेल तर मापापेक्षा एक टप्पा वर घ्या. लॅपटॉप घेताना ‘रॅम किती’ याच्या आधी ‘एक्स्ट्रा स्लॉट आहे का’ हे विचारणारे गिऱ्हाईक फार विरळा भेटते.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा आहे: एसएसडी आता इतक्या वेगवान झाल्या आहेत की येरझारांची भीती उरली नाही. निम्मे खरे. हार्ड डिस्कच्या दिवसभराच्या फेरीपेक्षा सतरा मिनिटांची फेरी केव्हाही बरी, आणि तासभर न पाहिलेला टॅब परत यायला अर्धा सेकंद लागला तर बिघडत नाही. पण हातातल्या कामाच्याच वस्तू पुन्हा पुन्हा आणायच्या झाल्या तर हजारपटीचा फरक लपत नाही. फोनच्या जाहिरातींत दिसणारी ‘८ अधिक ८ जीबी’ रॅम याच जातीची. त्यातले दुसरे आठ म्हणजे कोठीचा कोपरा. त्याला ओटा म्हटल्याने तो ओटा होत नाही. एका परिस्थितीत मात्र हा आक्षेप पूर्ण बरोबर ठरतो. संगणकात अजून फिरती हार्ड डिस्कच असेल आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर आधी एसएसडी घालावी, रॅमचे मग बघावे.

भावाचा मुद्दा टाळता येणार नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांकडून येते, त्यामुळे कांद्यासारखे तिचे भाव पडतात आणि चढतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी उसळली, कारखाने तिकडे वळले आणि किरकोळ बाजारात अनेक स्टिकचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. रॅम स्वस्त असताना ‘असू दे जास्तीची’ म्हणणे खपून जाते. महागाईत मोजून घेण्याला किंमत येते.

मग घरांची वाटणी कशी होते? फक्त लेखन, मेल, थोडे इंटरनेट आणि सिनेमा एवढाच वापर असेल, एका वेळी चार-सहाच टॅब उघडे असतील आणि रॅम नंतर वाढवता येणार असेल, तर ८ जीबी आजही चालते. ज्येष्ठांच्या घरी, किंवा हलके लिनक्स चालवणाऱ्याकडे ती मजेत चालते. बहुसंख्य घरे मात्र १६ जीबीच्या टप्प्यात येतात: अभ्यास, ऑफिसचे घरून काम, व्हिडिओ कॉल, अधूनमधून गेम, हे सगळे त्यात बसते आणि थोडी जागा उरते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तर १६ च्या खाली उतरूच नये. अँड्रॉइड स्टुडिओसारखे साधन इम्युलेटरसह चालवायचे तर त्याची स्वतःची किमान अटच तेवढी आहे. ३२ जीबी हा फोर-के व्हिडिओचे संपादन, एकात एक दोन संगणक चालवणारी व्हर्च्युअल मशीन, थरांवर थर चढवलेले फोटो आणि घरचे भाषाप्रारूप यांचा टप्पा. अडोबीचा प्रीमियर प्रोही साध्या एचडी व्हिडिओला १६ आणि फोर-केला ३२ जीबी सुचवतो. त्याच्या वर जाणारे घर हे घर नसून स्टुडिओ असते.

राहिला जुना संगणक. त्यात रॅम घालण्यापूर्वी त्याचे वय विचारा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यांत कितीही रॅम ओतली तरी ही अडचण सुटत नाही, लिनक्सवर जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. जुनी विंडोज ३२ बिटांची असेल तर तिला ४ जीबीच्या पलीकडे पत्ताच मोजता येत नाही, जास्तीची रॅम तिला दिसणारच नाही. रॅमच्या डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या स्टिकवरचे काप वेगवेगळ्या जागी असतात, एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही, आणि लॅपटॉपची स्टिक आकाराने आखूड असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रे रंगवायलाही हीच रॅम वापरली जाते. म्हणून तिथे १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घेतलेल्या बऱ्या. दोन वाटांनी माहिती वाहते आणि गेममध्ये तो फरक डोळ्यांना दिसतो. खाच मोकळी ठेवण्याच्या वरच्या सल्ल्याशी हे भांडते, हे खरे. गेम खेळणाऱ्याने दोन घ्याव्यात, इतरांनी एक.

दुकानात जाण्यापूर्वी एवढे करा: या आठवड्यातल्या सगळ्यांत गर्दीच्या संध्याकाळी टास्क मॅनेजर उघडा, ‘कमिटेड’चा डावा आकडा, किती स्लॉट आहेत आणि त्यांतले किती भरलेले आहेत हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घ्या. स्लॉटची नोंद त्याच पानावर खाली दिसते. ‘आठ की सोळा’ असे विचारले गेले की ते चिठोरे काउंटरवर ठेवा.